रेल्वे भाड्यातून जन्मलेली कंपनी: एसीसी, १९३६

पुण्यात सिमेंटची भट्टी कधी उभी राहिली नाही, आणि राहणारही नाही. शहराखाली, आजूबाजूला, थेट सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत सगळा काळा पाषाण आहे. खडीसाठी त्याच्यासारखा दगड नाही, पण सिमेंटला लागतो चुनखडक. पुण्याला रेल्वेनं सोयीचा पडणारा त्याचा मोठा साठा सोलापूर ओलांडल्यावर शहाबाद-वाडीच्या पट्ट्यात मिळतो. आपल्या वाड्यांत आणि चाळींत घातलेली शहाबादी फरशी याच पट्ट्यातली. पुणे ते शहाबाद हे रेल्वेचं अंतर सुमारे ४०० किलोमीटर.

हे अंतर लक्षात ठेवून ‘द असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ म्हणजे एसीसीचा इतिहास वाचला, तर त्याची संगती नीट लागते. १ ऑगस्ट १९३६ रोजी दहा कंपन्या एकत्र येऊन ही कंपनी झाली. हे विलीनीकरण सहसा उद्योगपतींच्या दूरदृष्टीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. दूरदृष्टी होतीच, पण त्यामागे रेल्वेच्या मालभाड्याचा एक अगदी रोखठोक हिशेब होता. हे प्रकरण त्या हिशेबाचं आहे.

भट्टी खाणीजवळच का?

एक टन सिमेंट करायला साधारण दीड टन चुनखडक आणि थोडी चिकणमाती लागते. भट्टीत १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास हा माल भाजला की चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनाचा ४४ टक्के भाग असा धुराड्यातून जातो. उरतात ते काळपट, सुपारीएवढे खडे, म्हणजे क्लिंकर. त्यात तीन ते पाच टक्के जिप्सम घालून दळलं की सिमेंट तयार. दीड टन दगड गाडीत भरून ४०० किलोमीटर आणायचा आणि त्यातला अर्धा टन हवेत सोडायचा, हा धंदा कोणी करणार नाही. म्हणून भट्टी खाणीच्या तोंडाशी लागते.

त्या काळी पद्धत ओली होती. दगड आणि माती पाण्यात दळून स्लरी करायची, तिच्यात ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि ते पाणी उडवण्यातच बराच कोळसा जळायचा. टनामागे पाव टनाहून जास्त कोळसा सहज लागे. दगड एकीकडे, कोळसा दुसरीकडे आणि गिऱ्हाईक तिसरीकडे, अशी ओढाताण प्रत्येक कारखान्याच्या नशिबी होती. पोरबंदरला खाण आणि समुद्र दोन्ही हाताशी, पण कोळसा देशाच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय काठेवाडची रेल्वे मीटरगेज, त्यामुळे खुष्कीनं जाणारा माल विरमगामला उतरवून ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये पुन्हा भरावा लागे. कटनीला दगड उत्तम, कोळसाही त्या मानानं जवळ, पण मुंबई-कलकत्ता दोन्ही बंदरं लांब. शहाबादला दगड मुबलक, कोळसा सिंगरेणीचा, आणि मुंबईचा बाजार ६०० किलोमीटरवर. पुणे त्याच वाटेवर पडतं, हे पुण्याचं भाग्य.

बंदरांत देशी सिमेंटची गाठ विलायती मालाशी होती; देशाच्या आत त्याला आणखी एक प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे चुना. पुण्याच्या परिसरात काळ्या मातीत आणि नदी-ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे गोटे भट्टीत भाजायचे आणि बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचे, ही पद्धत सर्वांच्या हातात बसलेली. १८७० च्या दशकात बांधलेलं खडकवासल्याचं धरण चुन्यातल्या दगडी बांधकामाचं आहे. गवंड्याला चुना ठाऊक होता, तो जवळ मिळायचा आणि त्याच्यावर रेल्वेचं भाडं नव्हतं. बंदराच्या शहरांत विलायती सिमेंट आणि आत चुना, अशा दोन पात्यांमध्ये देशी सिमेंट सापडलेलं होतं.

लढाईची तेजी आणि नंतरचा ढीग

पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी उत्पादन जेमतेम ९४५ टन. पाठोपाठ कटनी आणि बुंदी संस्थानातलं लाखेरी. पहिल्या महायुद्धात आयात आटली, सरकारनं मिळेल तेवढं सिमेंट उचललं आणि १९१८ पर्यंत हे तीन कारखाने मिळून वर्षाला ८५ हजार टनांच्या घरात पोचले. नफा डोळ्यांत भरण्यासारखा होता. युद्ध संपताच नव्या कंपन्यांची रांग लागली, त्यात शहाबादही होतं. १९२४ पर्यंत देशाची क्षमता साडेपाच लाख टनांवर गेली आणि प्रत्यक्ष उत्पादन अडीच लाखांच्या थोडं वर राहिलं. निम्म्याहून जास्त क्षमता रिकामी, आणि त्यातच विलायती माल बंदरांत परत येऊ लागला.

रिकामी क्षमता सगळ्याच उद्योगांत असते. सिमेंटमध्ये ती जास्त जीवघेणी ठरते, कारण भट्टीला अर्धवट चालणं मानवत नाही. फिरती भट्टी थंड केली की आतल्या अग्निरोधक विटांचं अस्तर आकसतं, त्याला तडे जातात, विटा सुटतात. पुन्हा पेटवताना ती हळूहळू तापवावी लागते, आणि तेवढा वेळ कोळसा जळतो पण क्लिंकर मिळत नाही. म्हणून कारखानदार भट्टी बंद करण्यापेक्षा पडेल त्या भावानं माल काढतो. कोळसा, मजुरी आणि भाडं सुटलं तरी पुरे; यंत्रांवरचं व्याज आणि घसारा पुढे बघू. सगळ्यांनी एकाच वेळी असा विचार केला, की भाव उत्पादनखर्चाखाली जातो. १९२० च्या दशकाच्या मध्याला नेमकं हेच घडलं आणि काही कंपन्या बुडाल्या.

उद्योगानं टॅरिफ बोर्डाकडे, म्हणजे आयातशुल्काबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाकडे, संरक्षण मागितलं. बोर्डाचा निष्कर्ष कारखानदारांना गोड वाटण्यासारखा नव्हता: भाव पाडणारा परदेशी माल नव्हे, देशी कारखान्यांची आपापसातली झुंज आहे, आयातशुल्क वाढवून ती थांबणार नाही. बंदरांकडे जाणाऱ्या देशी सिमेंटला अनुदान द्यावं, अशी बोर्डाची शिफारस होती. खाण आणि बंदर यांच्यातलं अंतर हेच खरं दुखणं, हे यातून मान्य झालं होतं. सरकारनं ते अनुदान दिलं नाही.

तीन अर्धी पावलं

१९२५-२६ मध्ये कारखानदारांची संघटना झाली आणि किमान भाव ठरला. १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया निघाली. या दुसऱ्या पावलाची दखल फारशी घेतली जात नाही, पण माझ्या मते तिन्हींत शहाणपणाचं पाऊल तेच. कोणाच्या सिमेंटची जाहिरात न करता काँक्रीटचीच जाहिरात करायची. इंजिनिअर, कंत्राटदार आणि नगरपालिकांना फुकट तांत्रिक सल्ला द्यायचा. मिश्रणाचं प्रमाण, पाण्याचा हात, क्युरिंग म्हणजे नंतर पाणी मारत राहणं, हे सगळं शिकवायचं. चुन्याला सवकलेल्या गवंड्याला भाव कमी करून वळवता येत नाही. चुन्याचा माल मळून ठेवला तर चालतो, सिमेंटचा मळलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा लागतो. हा फरक न कळल्यानं झालेलं बांधकाम पुढच्या दहा गिऱ्हाइकांना सिमेंटपासून तोडतं.

तिसरं पाऊल १९३० चं. सिमेंट मार्केटिंग कंपनी ऑफ इंडिया या एकाच विक्री कंपनीमार्फत माल विकायचा आणि प्रत्येक कारखान्याला कोटा. भावाची मारामारी यानं थांबली. पण भाड्याची उधळपट्टी थांबली नाही, आणि ही मेख समजून घेतल्याशिवाय १९३६ चा उलगडा होत नाही.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. पुण्याला १०० टन माल हवा आणि जबलपूरला १०० टन. शहाबाद ते पुणे सुमारे ४०० किलोमीटर; कटनी ते जबलपूर सुमारे ९०. सरळ वाटणी केली तर एकूण वाहतूक ४९ हजार टन-किलोमीटर. आता समजा, कटनीच्या कंपनीची पुण्यात जुनी पेढी आहे आणि शहाबादच्या मालाला जबलपुरात गिऱ्हाईक आहे. कटनीचा माल जबलपूर, इटारसी, मनमाड, दौंड असा फिरत पुण्याला येतो, ते अंतर सव्वाअकराशे किलोमीटरच्या आसपास. शहाबादचा माल दौंडहून उलट्या दिशेनं जबलपूरला जातो, ते जवळपास तेराशे. दोन्ही मिळून २ लाख ४० हजार टन-किलोमीटर, म्हणजे पाचपट. दौंड-मनमाड मार्गावर दोन मालगाड्या एकमेकींना ओलांडून जातात, दोघींत तेच पोर्टलँड सिमेंट, आणि दोघींचं भाडं शेवटी गिऱ्हाइकाच्या किंवा भागधारकाच्या माथी.

कोटा पद्धतीत हे का थांबत नाही? कारण कोटा हा कारखान्याचा हक्क असतो. जवळचा बाजार लहान असला तर लांबच्या बाजारात जाऊन तो पुरा करायचाच. कोटा सोडला तर पुढच्या वर्षी तो कमी होईल ही भीती. शिवाय जुना, कोळसा खाणारा कारखाना बंद करून शेजारच्या चांगल्या कारखान्याला ते उत्पादन द्यावं, हे बोलायची सोयच नाही, कारण दोघांचे भागधारक वेगळे, दोघांचा लाभांश वेगळा. विक्री एक झाली, पण खिसे वेगळेच राहिले.

खिसे एक करणं

फ्रामरोज एदलजी दिनशॉ हे मुंबईचे सॉलिसिटर आणि वित्त-व्यवहारातले मोठे नाव. सिमेंट कंपन्यांत त्यांचे स्वतःचे हितसंबंध होते. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि दिनशॉ या चार गटांच्या दहा कंपन्या एका कंपनीत विलीन कराव्यात, ही कल्पना त्यांनी लावून धरली. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं; कंपनी त्यानंतर काही महिन्यांनी अस्तित्वात आली. पहिले अध्यक्ष सर नौरोजी सकलातवाला. चालू कंपन्यांपैकी सोन व्हॅली पोर्टलँड सिमेंट तेवढी बाहेर राहिली.

अशा विलीनीकरणात कज्जा होतो तो मूल्यांकनावर. पुस्तकी किमतीवर शेअर वाटले तर ज्यानं तेजीत महाग यंत्रं घेतली त्याचा फायदा. मागच्या नफ्यावर वाटले तर ज्याचा कोटा मोठा त्याचा. सिमेंटमध्ये निर्णायक ठरायला हव्यात अशा तीन गोष्टी ताळेबंदात दिसतच नाहीत: खाणीत उरलेल्या दगडाची प्रत आणि वर्षं, कोळशाचं अंतर, आणि कमी भाड्यात पोचता येईल अशा बाजाराचा आकार. चार गटांना हे पटवणं हेच दिनशॉंचं मोठं काम म्हणायला हवं.

विलीनीकरणानंतर ऑर्डर बुक एक झालं. पुण्याची मागणी आली की विचार करायचा तो एवढाच: या स्टेशनावर सर्वांत कमी खर्चात माल कुठून पडेल? कोणत्या कारखान्याचा कोटा शिल्लक आहे, हा प्रश्न उरला नाही. सुटे भाग, कोळशाची खरेदी, पोती, रसायनतज्ज्ञ, सगळं एका छत्राखाली आलं. भट्टीच्या अस्तराच्या विटा एका कारखान्यात अडल्या तर दुसऱ्याच्या गोदामातून पाठवता येऊ लागल्या. सिमेंटमध्ये ही बाब किरकोळ नाही. भट्टी एक आठवडा बंद राहिली तर महिन्याचा नफा गेलाच.

अर्थात मक्तेदारी आली की आव्हान येतंच. उद्योगपती रामकृष्ण दालमियांनी लगेचच वेगवेगळ्या भागांत आपले कारखाने उभारले आणि भावयुद्ध पुन्हा पेटलं. भांडण पुन्हा त्याच वळणानं गेलं आणि १९४१ मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्रित विक्रीचा करार केला. पाच वर्षांपूर्वीचा धडा एवढ्या लवकर दुसऱ्यांदा शिकावा लागला, हे जरा मजेशीर आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात उत्पादनाचा बहुतांश भाग सरकारनं ताब्यात घेतला. फाळणीत एसीसीचे वाह आणि रोहरी हे कारखाने पाकिस्तानात गेले. १९४७ मध्येच चाईबासाला देशी यंत्रसामग्रीवरचा कारखाना उभा राहिला.

सरकारनं अंतर पुसलं तेव्हा

१९५६ मध्ये सिमेंटचं वितरण स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे गेलं आणि देशभर रेल्वे स्टेशनपोच एकच भाव लागू झाला. कारखान्याला ठरलेला ‘रिटेन्शन’ भाव, आणि भाड्याचा खर्च सामाईक निधीतून. मागास भागाला सिमेंट परवडावं हा हेतू चांगला होता. पण एसीसीच्या जन्मामागचं गणित या एका निर्णयानं निरर्थक झालं. शहाबादचं सिमेंट पुण्यात ज्या भावानं, त्याच भावानं हजार किलोमीटरवर. जवळचा बाजार शोधण्यात कोणालाच पैसा उरला नाही आणि आडव्यातिडव्या वाहतुकीचा खर्च निधीतून, पर्यायानं प्रत्येक पोत्यातून, निघू लागला.

रिटेन्शन भावात परतावा तुटपुंजा. ओल्या पद्धतीची भट्टी काढून कोरड्या पद्धतीची बसवली तर इंधन जवळपास निम्म्यावर येतं, पण त्यासाठी लागणारं भांडवल त्या भावातून उभं राहत नव्हतं. क्षमता वाढली नाही, मागणी वाढत गेली. १९६६ ते ६७ असा थोडा काळ नियंत्रण उठलं, १९६८ मध्ये परत आलं. पानशेतच्या पुरानंतर पुण्याला एकाएकी लागलेलं सिमेंट असो की सत्तरच्या दशकात कोथरूड-सहकारनगरात वाढलेल्या सोसायट्या, सगळा कारभार परमिटवर. घराला लागायची २०० पोती, परमिट निघायचं ५० चं, तेही हप्त्याहप्त्यानं. स्लॅबच्या दिवशी पोती कमी पडू नयेत म्हणून लोक आधी मिळालेली पोती घरात साठवायचे. मोठं नुकसान इथेच व्हायचं. पोत्यातलं सिमेंट तीन महिन्यांत सुमारे २० टक्के आणि सहा महिन्यांत ३० टक्के ताकद गमावतं, असा ढोबळ ठोकताळा आहे; पुण्याचा पावसाळा मध्ये आला आणि पोती जमिनीवर, भिंतीला टेकून रचलेली असली तर त्याहून लवकर. त्या काळातल्या काही इमारतींचे स्लॅब आज ठोकून पाहिले की पोकळ वाजतात. त्यामागे खाऱ्या पाण्यापासून कमी कव्हरपर्यंत (कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर) अनेक कारणं असतात, साठवलेलं आणि भेसळीचं सिमेंट हे त्यांतलं एक.

पुण्याच्या दक्षिणेला तर आणखी एक अडचण होती. पुणे-मिरज मार्ग सत्तरच्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता. सातारा-कोल्हापूरकडचा माल पुण्यात उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये चढवायचा. ५० किलोचं तागाचं पोतं दोनदा जास्त हाताळलं की शिवणीतून गळणारं सिमेंट वेगळं आणि आकड्यानं फाटलेली पोती वेगळी.

परमिटच्या या व्यवस्थेनं महाराष्ट्राचं राजकारणही हलवलं. बिल्डरांना दिलेलं सिमेंट आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. २८ फेब्रुवारी १९८२ रोजी केंद्रानं नियंत्रण अंशतः उठवलं: जुन्या कारखान्यांनी क्षमतेच्या ६६.६ टक्के आणि नव्यांनी ५० टक्के माल लेव्हीत, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या भावानं, द्यायचा, बाकी खुल्या बाजारात. १ मार्च १९८९ ला उरलेलं नियंत्रणही गेलं.

अंतर परत आलं

खुल्या बाजारात भाडं पुन्हा निर्णायक झालं आणि या वेळी त्याचा फायदा नव्या खेळाडूंनी आधी घेतला. गुजरात अंबुजानं मुलद्वारकाहून जहाजानं सुटं सिमेंट पनवेलला आणायला सुरुवात केली. पोरबंदरचा माल एकेकाळी ज्या समुद्रानं मुंबईला येई, तीच वाट, फक्त पोत्यांऐवजी जहाजाच्या पोटात सुटा माल. पनवेलहून घाट चढला की पुणे. शहाबाद-वाडीच्या ४०० किलोमीटरना प्रथमच तोडीस तोड पर्याय उभा राहिला.

दुसरा बदल दळणाचा. क्लिंकर दमट हवेत सिमेंटइतकं बिघडत नाही आणि सुटं नेता येतं. म्हणून भट्टी खाणीजवळ ठेवून दळण बाजाराजवळ करायचं, हे गणित जमलं. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश आणि स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतला मळ, चालतो. राख वीजकेंद्रातून येते, ती खाणीपर्यंत नेऊन परत आणण्यात अर्थ नाही. सोलापूरच्या परिसरात आणि रत्नागिरीला दळणाचे कारखाने उभे राहिले ते यामुळे. ४४ टक्के वजन धुराड्यातून जाण्याचा नियम भट्टीपुरता होता. दळणाला तो लागू नाही, हे लक्षात आल्यावर नकाशा बदलला.

एसीसीला जुन्या कारखान्यांचं ओझं होतं. वाडीचा कारखाना १९६८ पासून चालू, पुढे तिथे मोठा विस्तार झाला आणि पश्चिम महाराष्ट्राचा भार तिकडे सरकला. मालकी मात्र हलत राहिली: टाटांनी १९९९ पासून आपला हिस्सा अंबुजाला विकला, २००५ मध्ये स्वित्झर्लंडची होल्सिम आली, २००६ मध्ये नाव अधिकृतपणे ‘एसीसी लिमिटेड’ झालं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अदानी समूहानं अंबुजासह कंपनी घेतली.

या सगळ्यातली अभ्यासकानं बारकाईनं पाहावी अशी घटना २०१८ ची आहे. तेव्हा एसीसी आणि अंबुजा एकाच प्रवर्तकाच्या, पण भागधारक वेगळे. दोघांत ‘मास्टर सप्लाय’ करार झाला: एकमेकांकडून क्लिंकर, सिमेंट आणि कच्चा माल घ्यायचा, म्हणजे ज्याचा कारखाना जवळ त्यानं माल पुरवायचा. १९३६ मध्ये दहा कंपन्यांना विलीन व्हावं लागलं, तेच काम इथे करारानं साधायचा प्रयत्न होता. १९३० च्या कोट्यापेक्षा हा करार बरा, कारण यात कोणाचा उत्पादनाचा हक्क राखीव नाही, दर व्यवहारागणिक ठरतो. तरी दोन वेगळ्या भागधारकांमध्ये तो दर रास्त आहे की नाही, हा मूल्यांकनाचा जुना कज्जा त्यातही आहेच.

पुण्यातल्या खरेदीदाराला यातून लागणारी व्यावहारिक गोष्ट एकच. पोत्यावरच्या ब्रँडवरून माल कुठल्या भट्टीचा किंवा दळणाचा, हे कळत नाही. पोत्याच्या बाजूला छापलेला कारखान्याचा पत्ता, आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक आणि भरल्याचा आठवडा-वर्ष बघावं. परवाना कारखान्यानिहाय असतो, त्यामुळे तो क्रमांक बदलला की कारखाना बदलला. एकाच स्लॅबसाठी आलेल्या पोत्यांत दोन क्रमांक दिसले तर माल वेगळा रचावा, कारण राखेची प्रत बदलली की रंग आणि सेटिंगचा वेळ दोन्ही बदलू शकतात. आठवडा तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर चाचणीशिवाय आरसीसीत वापरू नये.